कल्याणप्पाच्या छातीचा फोटो

धूर

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. आधी फिल्टर बघा. निळा म्हणजे इंजिन ऑइल खातंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या. पांढरा असेल आणि गाडी गरम झाल्यावरही हटत नसेल, तर पाणी आत शिरतंय, हेड उघडावं लागणार.

उमरग्याच्या बायपासवरून ट्रक गॅरेजकडे वळला की कल्याणप्पाचं निदान सुरू व्हायचं. ड्रायव्हरनं अजून दार उघडलेलं नसायचं आणि इकडं निकाल लागलेला असायचा. हैदराबादकडून आलेले असोत की सोलापूरकडून, ड्रायव्हर लोक आधी हसायचे आणि इंजिन उघडल्यावर गप्प व्हायचे. कारण कल्याणप्पा चुकत नसे. चुकत नाही हे त्याला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं, आणि ते लपवून ठेवण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

पन्नाशी ओलांडलेला, अंगानं काटक, कपाळावर विभूतीच्या रेघा, गळ्यात शिवदोऱ्यानं बांधलेली इष्टलिंगाची चांदीची डबी आणि ओठांत विडी. कपाळ, गळा, ओठ, या जागा सकाळी एकदा भरल्या की दिवस चालू. विडी तो क्लीनर म्हणून गाडीवर चढला तेव्हापासूनची. लिंग त्याच्याही आधीचं, लिंगायताच्या घरात मुलाला बांधतात तसं पाळण्यातलं.

खोकला मात्र अलीकडचा. पण कल्याणप्पा त्याला खोकला म्हणतच नसे. "सकाळी इंजिन थंड असतंय," तो म्हणायचा. "दोन झटके खातंय आन् चालू हुतंय. त्यात काय एवढं."

एक दिवस त्याची बायको शांताक्का चहाचा कप त्याच्यापुढं आदळून म्हणाली, "साऱ्या मुलखाच्या गाड्यांचा धूर बघता. तुमचा कुठल्या रंगाचा हाय ते कधी बघितलं का?"

कल्याणप्पा चिडला. आणि चिडला म्हणून पैज लागली.

पैज

तो. ती. मधे गार होत चाललेला चहा. आणि पुण्याहून मुलगी शिवप्रिया, फोनच्या स्पीकरवर.

— अप्पा, डॉक्टर अर्पिता मॅडमनी एक्स-रे काढायला सांगून किती दिवस झाले?

— काढतो की. गाड्या लई आल्यात सध्या.

— अहो री, पोरीला थापा मारू नका. घाबरतात गं तुझे अप्पा.

— कोण घाबरतंय? म्या?

— मग काढा.

— काढतो! पण ऐक. फोटोत काय न्हाय निघालं, तर ह्या घरात पुन्हा विडीचं नाव काढायचं न्हाय. तू बी न्हाय, तुझ्या पोरीनं बी न्हाय.

— आन् निघालं तर?

— त्याच दिवशी विडी बंद.

— शब्द?

— शब्द.

— शिवप्रिया, ऐकलीस नव्हं? साक्षीला तू.

— अगं आई, एक्स-रेवर अशी पैज लावतात का? अप्पा, ऐका माझं...

— साकु, पुरे! म्या बोललो ना. मधे बोलू नको. ठरलं म्हंजे ठरलं.

आता या दोघांचा शब्द म्हणजे काय, ते सांगायला हवं. शांताक्का एकदा भावजयीला म्हणाली होती की तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. तेव्हापासून भावाकडच्या प्रत्येक लग्नकार्याला ती गेली, सगळ्यांच्या आधी गेली, भांडी घासली, मांडव सजवला, जेवली. पाण्याची बाटली मात्र घरून नेली. आणि कल्याणप्पाकडं लोक उघडलेलं इंजिन सोडून गावाला निघून जायचे, कागदाचा चिटोराही न घेता. म्हणजे ही पैज मोडणार नव्हती. कोणीतरी एकजण हरणारच होता.

धातूचं सगळं काढा

धान्याच्या मोंढ्याजवळच्या एक्स-रे सेंटरमधल्या पोरानं पडद्याआडून सांगितलं, "काका, कमरेच्या वर धातूचं काय बी ठेवायचं न्हाय. चेन, ताईत, बटणं. सगळं काढा आन् हा गाऊन घाला."

कल्याणप्पानं शर्ट काढला. बनियन काढलं. मग त्याचा हात गळ्याशी गेला आणि थांबला.

डबी चांदीची. चांदी म्हणजे धातू. डबी काढायला हवी. हुकूम तो हुकूम, मशीन कोणाचंही असो, ऑपरेटर सांगेल तसं करायचं हे त्याला पटत होतं. पण डबीच्या आतलं लिंग? ते दगडाचं, वरून काळ्या लेपाचं. त्यात धातूचा कण नाही. आणि लिंग अंगावेगळं करायचं नसतं. आंघोळीला नाही, आजारात नाही, माणूस मेल्यावर मातीत घालतानासुद्धा नाही.

दोन्ही कायदे एकदम पाळता येत होते. त्यानं लिंग डबीतून काढलं, त्याच्याच पांढऱ्या कापडात गुंडाळलं, शिवदोऱ्यानं गळ्यात नीट बांधलं आणि रिकामी डबी शर्टाच्या खिशात टाकली. वरून गाऊन घातला. स्वतःच्या अकलेवर खूश होऊन तो पडद्याबाहेर आला.

"हनुवटी वर. छाती पाटीला चिटकवा. अजून. हात कमरेवर. खांदे पुढं. मोठा श्वास घ्या... धरा... हलू नका..."

खट.

अहवाल

उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात एक गोल, ठळक कडांची सावली. बाकी फुफ्फुसं साफ. हृदय नेहमीच्या आकाराचं. सीटी स्कॅन करून खात्री करून घ्यावी.

ज्या डॉक्टरनं हे लिहिलं तो उमरग्यात नव्हता. फिल्म कॉम्प्युटरवरून दूरच्या शहरात गेली होती आणि तिथून उत्तर आलं होतं. त्यानं कल्याणप्पाला पाहिलं नव्हतं. त्याच्यासमोर होती फक्त एक काळीपांढरी छाती, वय, आणि सोबत लिहिलेले तीन शब्द: जुनी विडीची सवय.

सेंटरमधल्या पोरानं इंग्रजी कागद मराठीत वाचून दाखवला आणि तो लगेच दुसऱ्या पेशंटकडं वळला. शांताक्का बाकावर बसून राहिली. पैज जिंकली होती ती. कल्याणप्पा वाट बघत होता की आता बोलेल, आता टोमणा मारेल. ती पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती.

जिंकलेली शांताक्का गप्प बसते, हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. आणि त्या कागदानं जे केलं नव्हतं ते तिच्या गप्प बसण्यानं केलं. कल्याणप्पा घाबरला.

अर्पिता मॅडमची वेळ दुसऱ्या दिवशीची होती.

वायसर

तो घरी गेला नाही, गॅरेजला गेला. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग करणारा ईरण्णा त्याच्या वयाचा, त्याच्याच गल्लीतला. त्यानं गॉगल कपाळावर चढवला, फिल्म हातात घेतली आणि उन्हाकडं धरली.

"उलटी धरलीस," कल्याणप्पा म्हणाला.

"तुला काय माहीत उलटी का सुलटी?"

"काळीज डावीकडं असतंय रे. म्हंजे माझ्या डावीकडं. तुझ्या उजवीकडं यायला पायजे."

ईरण्णानं फिल्म फिरवली. बराच वेळ बघितली. त्याला गंभीर राहणं जमत नसे, आणि मित्राचा चेहरा बघून तर अजिबात जमेना.

"कल्याणा, हे तर वायसर हाय."

"गप."

"अरे शपथ. केवढं गोल हाय बघ. गाडी खोलताना गिळलास का काय एखादं?" मग त्यानं खिशातून विडी काढून पुढं केली. "घे. डोकं ठिकाणावर यील."

"नको."

"आं?"

"पैज हरलो. बंद."

ईरण्णाचा हात तसाच राहिला. त्यानं विडी परत खिशात ठेवली, गॉगल डोळ्यांवर ओढला आणि आपल्या कामाला लागला. थोड्या वेळानं ठिणग्यांतून त्याचा आवाज आला, "डरू नको बे. एवढं गोल माणसात काय नसतंय."

हे त्यानं धीर द्यायला म्हटलं होतं. पण कल्याणप्पाच्या डोक्यात ते अडकून बसलं. खरंच. इंजिनात जे झिजतं, फाटतं, कुजतं, ते कधी असं लेथवर काढल्यासारखं गोल नसतं. झिजेला कड असते ती वेडीवाकडी. मग हे असं साफसूफ कुठून आलं?

पण त्या संध्याकाळी त्याचा स्वतःच्या निदानावर भरवसा नव्हता.

डाव्या तळहातावर

सकाळ. आंघोळ झाली. विभूती लावली. पूर्वेच्या खिडकीजवळ आसनावर बसून त्यानं डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि डोळ्यांसमोर धरलं. रोजचंच.

रोजचं नव्हतं ते एवढंच, की आज तो काहीतरी मागणार होता. आजवर त्यानं पूजेत कधी काही मागितलं नव्हतं. मागणं हे गिऱ्हाइकाचं काम, असं तो मानायचा. आज मात्र मनात शब्द जुळवत होता. मला म्हातारा होऊ दे, असं म्हणावं? का शांताला एकटी टाकू नको, असं म्हणावं? पोरीचं नाव घ्यावं का?

शब्द जुळेनात. नजर लिंगावर. लिंगाच्या मागं खिडकी. खिडकीच्या गजात काल त्यानंच खोचलेली फिल्म, आणि तिच्यातून येणारं कोवळं ऊन.

लिंग गोल. मागं फिल्मवर गोल.

त्यानं हात थोडा डावीकडं नेला. पुन्हा उजवीकडं आणला. एक डोळा मिटला, जसा तो पिस्टन बघताना मिटायचा. फिल्मवरचं जरा बारीक होतं. पण गोलाई तीच, कडही तीच.

"शांता!"

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. शांताक्का धावत आली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पूजेत बसलेल्या कल्याणप्पाच्या तोंडून तिनं कधी हुंकार ऐकला नव्हता.

"काय हुतंय? छातीत दुखतंय का?"

"लिंग काढलं न्हवतं म्या!"

"कशाला काढाल? लिंग काढतंय का कुणी?"

"अगं तेच की! फोटो काढताना! डबी काढली, लिंग ठिवलं. फडक्यात बांधून. छाती पाटीला दाबली तवा सरकलं असंल उजवीकडं. बघ इकडं. हे बघ आन् ते बघ!"

शांताक्कानं हे बघितलं. ते बघितलं. मग ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला, आणि तो बराच वेळ काढलाच नाही. कल्याणप्पानं पूजा पुरी केली. मागायचं राहून गेलं, ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

लिंग डबीत ठेवून गळ्यात बांधताना त्याची मान पुन्हा ताठ झाली होती.

"म्हंजे पैज अजून हाय," तो म्हणाला.

शांताक्कानं पदर खाली केला. "व्हय," ती म्हणाली. "हाय."

काळं म्हणजे हवा

अर्पिता मॅडमचा दवाखाना बसस्टँडसमोर, औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. वय कल्याणप्पाच्या मुलीएवढं. तिनं फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, कल्याणप्पाची सगळी हकीकत ऐकली आणि ओठ दाबून हसू आवरलं. ते काही नीट आवरलं गेलं नाही.

"मामा, एका बाईंची वेणी छातीवर आली होती, तर टीबी म्हणून कागद आला होता. कुणाचं बटण, कुणाच्या खिशातली गोळी. तुमच्या लिंगासारखा पाहुणा मात्र माझ्याकडं पहिल्यांदाच. पण नुसतं ओळखून भागायचं नाही. परत फोटो काढायचा."

"लिंग मुठीत धरलं तर चालंल? हात छातीपासून लांब ठिवतो. अंगाला लागलेलं असलं म्हंजे झालं."

"चालेल."

सेंटरमधला पोरगा पुन्हा पुन्हा माफी मागत होता. कल्याणप्पानं डाव्या मुठीत लिंग धरलं, मूठ कमरेच्या मागं नेली, छाती पाटीला लावली. खट. या वेळी फिल्मवर गोल नव्हतं. पोरानं बाहेर येऊन आनंदानं ओरडूनच सांगितलं, "काकू, साफ! एकदम साफ!"

शांताक्का म्हणाली, "बरं झालं." आणि खरंच तिला बरं वाटलं होतं, पण हरल्याचं दुःखही तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. दवाखान्यात परत आल्यावर ती बाहेरच्या बाकावर बसली. "तुम्ही जाऊन या आत. मला जे ऐकायचं ते ऐकलं म्या."

आत कल्याणप्पा खुर्चीत असा बसला होता की जणू दवाखाना त्याचा आणि मॅडम गिऱ्हाईक.

"सांगा मॅडम. साफ का न्हाय?"

"गाठ दिसत नाही. पाणी नाही. टीबीचे डाग नाहीत. न्यूमोनिया नाही."

"म्हंजे साफ."

"म्हणजे एवढं सगळं नाही, इतकंच." तिनं फिल्मकडं बोट केलं. "हे काळं कशाचं?"

"हवेचं असंल. हाडं पांढरी, म्हंजे जिथं काय भरलेलं न्हाय तिथं काळं."

"बरोबर. तुमचं फुफ्फुस बघा. किती काळं आणि किती लांब."

"लई काळं म्हंजे लई हवा. चांगलंच की."

"आत जास्त आहे, मामा. बाहेर यायला पाहिजे ती." तिचं बोट खाली सरकलं. "हा फुफ्फुसाखालचा पडदा. तो घुमटासारखा वर उचललेला असतो. तुमचा सपाट झालाय. खाली ढकलला गेलाय. थोडासाच. कागदावर लिहिण्याइतका नाही, म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी लिहिलं नाही."

कल्याणप्पानं फिल्मकडं बघितलं. मग मॅडमकडं. मग तो हसला. गिऱ्हाइकाला नसलेला बिघाड दाखवणारे मिस्त्री त्यानं खूप बघितले होते. "मॅडम, तुम्ही शोधून शोधून काढताय. पैज फोटोवर हुती. फोटोत काय न्हाय."

"पैज?"

त्यानं पैज सांगितली.

"मग जिंकलात तुम्ही," अर्पिता मॅडम सरळ म्हणाली. तिनं वाद घातला नाही, हे कल्याणप्पाला खटकलं. वाद घालणारा माणूस त्याला समजायचा. "आता आलाच आहात तर एक गोष्ट करा. फुंका."

फुंका फुंका फुंका

नाकाला चिमटा. तोंडात नळी. नळीच्या मागं मोबाइलएवढं यंत्र, त्याच्या मागं कॉम्प्युटर.

पूर्ण श्वास घ्या, भरा, भरा, अजून भरा, आता जोरात, एकदम, फुंका फुंका फुंका फुंका थांबू नका अजून आहे आत अजून आहे अजून

नव्हतं.

म्हणजे होतं, ते त्याला कळत होतं. छातीत हवा होती. गच्च होती. बाहेर निघत नव्हती. डोळ्यांपुढं काजवे आले. खोकला आला. तो थांबला.

"परत."

परत. पुन्हा परत. मग तिनं तोंडात औषधाचा फवारा मारला, थोडा वेळ बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. प्रत्येक वेळी पडद्यावर एक रेघ वर जायची आणि उतरताना आतल्या बाजूला खचायची, भिजलेल्या दोरीसारखी. शेजारी फिकट रंगात दुसरी एक रेघ होती, ताठ उतरणारी.

"ही फिकट कुणाची?"

"तुमच्या वयाच्या, तुमच्या उंचीच्या, कधी न ओढलेल्या माणसाची."

कल्याणप्पा दोन्ही रेघांकडं बघत राहिला. यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. रोज तो अशा गाड्या बघत होता. दिसायला नवी. धुऊन आणलेली, रंग लावलेली. सेल्फ मारला की चालू. सपाट रस्त्याला मालक खूश. आणि घाट लागला की मरते. इंजिन उघडून बघावं तर पिस्टन चांगले, रिंगा चांगल्या. मग मागं जाऊन बघावं, तर सायलेन्सर आतून काजळीनं भरलेला. हवा आत येते, जळते, आणि बाहेर जायला वाट नाही. मालक म्हणतो, मिस्त्री, धूर बी न्हाय, आवाज बी न्हाय, मग बिघाड कुठला? तो म्हणतो, मालक, बाहेरनं दिसत न्हाय तोच.

"सायलेन्सर चोक," तो म्हणाला.

"काय?"

"माझा."

मॅडमनं मान हलवली. तिनं त्याला न लपवता सांगितलं. श्वासनळ्या बारीक झाल्यात, विडीनं. नाव मोठं आहे त्या रोगाचं, पण गोष्ट तुम्ही म्हणालात तीच. फवारा रोज घ्यायचा, तो शिकवीन. जे गेलं ते परत येत नाही. पण विडी थांबली तर घसरण मंदावते, आणि खोकला, दम, दोन्ही कमी होतात. आज थांबली तर आजपासून.

"आणि अजून एक. फोटोत मोठं काही असलं तर दिसतं. बारीक गाठ बरगडीच्या मागं, हृदयाच्या मागं लपू शकते. तुमचं वय आणि इतक्या वर्षांची विडी बघता कमी किरणांचा सीटी करावा असं मला वाटतं. काही आहे म्हणून नाही. नाही हे बघायला."

"काय निघंल असं वाटतं?"

"वाटण्यावर मी सांगत नाही, मामा. तुम्ही सांगता का?"

"म्या सांगतो," कल्याणप्पा म्हणाला. "धुरावर." आणि हे म्हणताना त्याला पहिल्यांदाच जरा ओशाळल्यासारखं झालं.

"मामींना मी सांगू?"

"नको. माझं म्या सांगतो."

रस्त्याच्या पलीकडं

त्यानं सांगितलं नाही.

बाहेर येऊन तो नुसता "चल" म्हणाला. जिना उतरले. शांताक्का पुढं, तो मागं. तिनं विचारलंही नाही की आत एवढा वेळ काय चाललं होतं. तिच्या लेखी निकाल लागला होता. कल्याणप्पाच्या डोक्यात हिशेब चालू होता, आणि तो हिशेब बिलकुल सोपा होता. पैज फोटोवर. फोटो साफ. यंत्राचं नाव पैजेत नव्हतं. तो, मॅडम आणि एक कॉम्प्युटर, एवढ्यांनाच ठाऊक. मॅडम बोलणार नाही. उद्यापासून घरात विडीचं नाव नाही. टोमणा नाही, आदळआपट नाही. आयुष्यभर जे हवं होतं ते हातात होतं.

रस्ता ओलांडून शांताक्का बसस्टँडच्या दिशेनं गेली नाही. ती गुंडप्पाच्या पानटपरीपुढं जाऊन उभी राहिली. गुंडप्पाच्या हातातली सुपारी कातरायची थांबली. शांताक्का आणि टपरी, हे चित्रच त्यानं कधी बघितलं नव्हतं.

"ह्यांची विडी द्या," ती म्हणाली.

"अक्का?"

"त्यांची कुठली असती ती द्या. तुम्हाला मालूम असंल."

गुंडप्पानं कल्याणप्पाकडं बघत बघत बंडल पुढं केलं. शांताक्कानं ते हातात घेतलं. पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. चिमटीत धरलं होतं तिनं, मेलेलं काहीतरी उचलल्यासारखं. तिनं ते नवऱ्यापुढं धरलं. चेहऱ्यावर राग नव्हता. शब्द पाळणाऱ्या माणसाचा चेहरा असतो तसा होता, कोरडा आणि सरळ.

"घ्या. हरले म्या. आता पुन्हा नाव काढणार न्हाय."

आणि ती काढणार नव्हती. कल्याणप्पाला ते पक्कं माहीत होतं. तो खोकून बेजार झाला तरी काढणार नव्हती. दम लागून जिन्यात बसला तरी पाणी आणून देईल, पाठ चोळील, आणि विडीचं नाव काढणार नाही. मरेपर्यंत. त्याच्या किंवा तिच्या.

त्यानं हात पुढं केला नाही.

"शांता."

"घ्या की. लोक बघतात."

"फुंकायच्या मशीनवर नापास झालो म्या."

"कसली मशीन?"

"आत. मॅडमनी फुंकायला लावलं. फोटोत जे दिसत न्हाय ते त्या मशीनवरच्या रेघेत दिसतंय. हवा आत जातीय, भायेर निघंना. सायलेन्सर चोक हाय माझा. कायमचा. आन् अजून एक सीटी काढायचा हाय."

शांताक्का बघत राहिली. गुंडप्पा बघत राहिला. पान घ्यायला आलेला एक कंडक्टरही बघत राहिला.

"पण पैज फोटोची हुती," शांताक्का हळू म्हणाली. तिला जिंकायचं नव्हतं, असं नव्हे. तिला लबाडीनं जिंकायचं नव्हतं. "फोटो साफ हाय. तुम्ही जिंकलाय."

"पैज लावताना मला मशीन ठाऊक न्हवती. गिऱ्हाइकानं गाडी धुऊन आणली म्हणून म्या पास करतो व्हय तिला?" त्याचा आवाज चढला, गॅरेजमधला आवाज होता तो, ज्याला ड्रायव्हर घाबरायचे. "म्या सांगतो ना नापास म्हंजे नापास! माझ्या निदानावर इश्वास न्हाय का तुझा?"

कंडक्टर हसला. शांताक्कानं बंडल गुंडप्पाच्या काचेवर परत ठेवलं आणि लगेच मोबाइल काढला.

"काय करतीस?"

"शिवप्रियाला लावते. साक्षीला हुती ती. तिच्यापुढं म्हणा."

"घरी जाऊन म्हणतो."

"आत्ता. इथं."

फोन लागला. स्पीकरवरून पोरीचा "हॅलो, काय आलं? बोला ना कुणीतरी," असा घाबरा आवाज आला, आणि बसस्टँडवरची अर्धी जनता ऐकत असताना कल्याणप्पानं सगळं सांगितलं. लिंगाचं सांगितलं तेव्हा पोरगी हसली. यंत्राचं सांगितलं तेव्हा तिनं ते पुन्हा सांगायला लावलं. विडी बंद म्हणाला तेव्हा तिनं विचारलं, "आजपासून?"

"कालपासून," कल्याणप्पा म्हणाला. "काल हरलो हुतो तवा बंद केली. ती बंदच हाय."

हे त्याच्याही आत्ताच लक्षात आलं होतं. आणि ते लक्षात आल्यावर ओठ सुकल्यासारखे झाले, बोटं उगाच एकमेकांवर घासली गेली. गुंडप्पाच्या काचेमागं बंडलांची रास होती, आणि ती रास आज त्याला फार जवळ वाटत होती.

"शांता," फोन बंद झाल्यावर तो म्हणाला, "ही तलफ लई वंगाळ असती गं. चहा झाला की हाताला काय देऊ म्या?"

"झाडू देते."

"मस्करी नको करू."

"मस्करी कुठं करते? अंगण हाय की पुढं." मग तिनं विचारलं, "मॅडम काय म्हणल्या? गोळ्या-बिळ्या असतात का सोडायच्या?"

"विचारलं न्हाय."

"फवारा कवा घ्यायचा? जेवायच्या आधी का नंतर?"

"त्या शिकवते म्हणल्या. म्याच उठून आलो."

"सीटी कुठं हुतो?"

"ते बी विचारलं न्हाय."

शांताक्कानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. हैदराबादकडं जाणारा एक ट्रक गेला, त्याच्या मागं काळा धूर. कल्याणप्पाचं तोंड सवयीनं उघडलं आणि मिटलं. ती म्हणाली, "चला परत वर. या वेळी म्या आत येणार. तुम्ही अर्धंच विचारता आन् अर्धंच सांगता."

"मॅडमला पेशंट असतील आता."

"असू देत. बसू."

तिनं रस्ता ओलांडला. तो तिच्या मागं गेला. जिन्यात तिच्या पावलांचा आवाज पुढं जात राहिला. मधल्या पायरीवर कठडा धरून तो दम खात उभा राहिला, आणि वरून तिचं बोलणं त्याला ऐकू आलं. कंपाउंडरला ती सांगत होती की नंबर असू दे, आमी बसतो, पण मॅडमना एवढं कळवा, कल्याणप्पा मिस्त्रीची बायको आलीय आन् तिला त्या मशीनवरची रेघ बघायची हाय.